हॅरी पॉटर, जादूटोणा आणि नेव्हिलचा कांदा

इंजिनीअरिंगला आल्यापासून आपण 'लोकल ऑथर'शिवाय दुसऱ्या कुणाचं पुस्तक उघडत नाही, हे मला माहीत आहे. तरीही या अंकात मी एका परदेशी बाईंच्या सात पुस्तकांचं वकीलपत्र घेणार आहे. बाई म्हणजे जे. के. रोलिंग आणि पुस्तकं अर्थातच हॅरी पॉटरची. आरोपी तुमच्या ओळखीचा आहे. बऱ्याच जणांनी सिनेमे बघितलेत, काहींनी पुस्तकं वाचलीत आणि उरलेल्यांना 'तो चष्मेवाला, कपाळावर विजेची खूण असलेला पोरगा' एवढं तरी नक्की ठाऊक आहे.

मग त्याला वकील कशाला हवा? पहिलं पुस्तक 1997 साली आलं, सातवं 2007 साली. जगभर 60 कोटींच्या आसपास प्रती खपल्या, 80 पेक्षा जास्त भाषांत भाषांतरं झाली. एवढ्या मोठ्या असामीला थर्ड इयरच्या मुलीने वाचवायची काय गरज? पण गरज आहे, आणि ती लंडनमध्ये नाही, आमच्या लासलगावकडे आहे. आमच्या भागातल्या एका शाळेच्या लायब्ररीतून गेल्या वर्षी सातही पुस्तकांचा संच उचलून कपाटात टाकला गेला आणि कपाटाला कुलूप लागलं. कारण काय, तर एका पालकांची तक्रार : ही पुस्तकं मुलांना जादूटोणा शिकवतात! शाळेचं नाव मी लिहीत नाही, कारण शाळा वाईट नाही. तक्रार करणाऱ्यांनी पुस्तक वाचलेलं नव्हतं, कुलूप लावणाऱ्यांनीही नव्हतं, आणि उगाच वाद नको म्हणून कुलूप लागलं. आपल्याकडे बऱ्याच गोष्टी अशाच बंद होतात.

तर हा लेख म्हणजे त्या कुलपाविरुद्धचा अर्ज समजा.

आधी हे सांगते की असं फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. अमेरिकन लायब्ररी असोसिएशन दरवर्षी कोणत्या पुस्तकांवर हरकती आल्या याची नोंद ठेवते. त्यांच्या 2000 ते 2009 या दहा वर्षांच्या यादीत पहिल्या नंबरावर हॅरी पॉटर आहे. तिथल्या काही पालकांना आणि चर्चच्या मंडळींना वाटलं की मुलं चेटूक शिकतील. 2019 मध्ये अमेरिकेतल्या नॅशव्हिलच्या एका कॅथलिक शाळेने पुस्तकं काढून टाकली, कारण त्यातले मंत्र खरे आहेत अशी तिथल्या धर्मगुरूंची समजूत होती. मी स्वतः कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. आमच्या सिस्टरांनी मात्र मला तिसरा भाग हातात धरलेला बघून एवढंच विचारलं होतं की गणिताची वही कुठे आहे. असो.

भारतातला सगळ्यात मजेशीर आरोप घुबडांचा! हॅरीच्या जगात टपाल घुबडं पोचवतात आणि हॅरीची हेडविग नावाची पांढरी घुबड आहे. नोव्हेंबर 2010 मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी जाहीरपणे म्हटलं की हॅरी पॉटरच्या वेडामुळे शहरी मध्यमवर्गीय मुलांना घुबडं पाळायला हवी आहेत आणि त्यामुळे घुबडांची संख्या घटते आहे. निमित्त होतं ट्रॅफिक इंडिया या संस्थेच्या अहवालाचं. पक्षितज्ज्ञ अबरार अहमद यांनी पक्षिबाजारांचा अभ्यास करून तो लिहिला होता. भारतात घुबडांच्या सुमारे 30 जाती आहेत, त्यातल्या 15 बाजारात विकल्या जाताना सापडल्या. अहमद यांना एका ओळखीच्या बाईंनी मुलाच्या हॅरी पॉटर छाप वाढदिवसासाठी पांढरं घुबड मिळेल का असं विचारलं होतं, ही गोष्टही खरी. पण त्याच अहवालाने घुबडांच्या चोरट्या व्यापाराचं मुख्य कारण काय दिलं? काळी जादू आणि अंधश्रद्धा. दिवाळीच्या दिवसांत तांत्रिकांच्या सांगण्यावरून घुबडांचा बळी देतात, आणि तेव्हा त्यांचा भाव चढतो. हेडविगची जात म्हणजे हिमघुबड, बर्फाळ उत्तरेतला पक्षी. आपल्या बाजारात विकलं जातं ते आपलंच घुबड, आणि ते घेणाऱ्या मांत्रिकाने हॅरी पॉटर वाचलेलं असेल असं मला वाटत नाही! पण पेपरात हेडिंग कुणाच्या नावाने आलं? हॅरीच्या.

माझ्या मते सगळी केस इथेच उघडी पडते. जे पाप अंधश्रद्धेचं, त्याचं बिल गोष्टीच्या पुस्तकावर. कांद्याच्या चाळीत उंदीर झाले की नुकसान किती होतं ते आमच्याकडे कुणालाही विचारा. गव्हाणी घुबड हे उंदीर खाऊन शेतकऱ्याचं काम करतं, पण ते घराच्या आढ्यावर बसलं की 'अपशकुन' म्हणून दगड मारतात. निदान रोलिंगबाईंनी घुबडाला नोकरी तरी दिली.

आता मुख्य आरोपाकडे येऊ. मराठीत 'जादू' आणि 'जादूटोणा' हे दोन वेगळे शब्द आहेत. जादूगार रघुवीर यांचे प्रयोग बघायला अख्खं कुटुंब जायचं असं आजोबा सांगतात, त्याला कुणी जादूटोणा म्हणत नव्हतं. परीची, राक्षसाची, उडत्या गालिच्याची गोष्ट म्हणजेही जादूच. जादूटोणा म्हणजे करणी, भानामती, उतारा, गंडा-दोरा, आणि हे सगळं करून देणारा एक माणूस ज्याच्या पुढ्यात पैसे ठेवावे लागतात. महाराष्ट्रात हा फरक नीट समजायलाच हवा, कारण त्यासाठी एका माणसाने जीव दिलाय. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी 1989 मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती काढली आणि जादूटोणाविरोधी कायदा व्हावा म्हणून वर्षानुवर्षं झगडले. 20 ऑगस्ट 2013 रोजी सकाळी पुण्यात फिरायला गेले असताना ओंकारेश्वर पुलावर त्यांची गोळ्या घालून हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांतच सरकारने वटहुकूम काढला आणि डिसेंबर 2013 मध्ये विधिमंडळात कायदा मंजूर झाला.

हा कायदा उघडून बघा, म्हणजे तक्रार करणाऱ्या पालकांचं काय चुकतंय ते लगेच कळेल. त्याच्या अनुसूचीत गुन्हे दिलेत. भूत उतरवतो म्हणून माणसाला मारहाण करणं, चमत्कार दाखवून पैसे उकळणं आणि लोकांना फसवणं, साप किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाऊ न देता मंत्र-तंत्राचे उपचार करणं. गोष्ट सांगणं हा गुन्हा कुठेच नाही. संतांच्या चमत्कारांच्या गोष्टी सांगण्यालाही कायद्याने स्पष्ट सूट दिली आहे. म्हणजे कायद्याचा रोख गोष्टीवर नाही, फसवणुकीवर आहे.

आणि फसवणूक ओळखायची कशी, हे मुलांना शिकवणारं माझ्या माहितीतलं सगळ्यात चांगलं पुस्तक म्हणजे हॅरी पॉटर. हसू नका, पुरावे देते.

पहिला पुरावा म्हणजे खुद्द तिथली जादू. हॉगवर्ट्स ही शाळा आहे. तिथे सात वर्षं शिकावं लागतं, टाइमटेबल आहे, होमवर्क आहे, पाचव्या वर्षी बोर्डासारखी परीक्षा आहे. मंत्राचा उच्चार चुकला की पीस हवेत उडत नाही. पहिल्या भागात रॉन नुसताच हात हलवत बसतो आणि हर्मायनी त्याचा उच्चार सुधारून स्वतःचं पीस उडवून दाखवते. जादूला मर्यादाही आहेत. शून्यातून अन्न तयार करता येत नाही, असा नियमच आहे, आणि सातव्या भागात उपाशीपोटी रानात भटकताना हर्मायनी तो रॉनला ऐकवते. म्हणजे अगदी आपल्या लॉ ऑफ कॉन्झर्व्हेशनचा चुलतभाऊ! मेलेल्या माणसाला परत आणता येत नाही, कोणत्याच मंत्राने. आता बघा, हवेतून अंगारा काढणारे आणि असाध्य रोग हात फिरवून बरे करणारे आपले महाराज असला एक तरी नियम पाळतात का? त्यांच्या जादूला सिलॅबस नसतो, परीक्षा नसते आणि ती कधी फसतही नाही. फसली तर भक्ताची श्रद्धा कमी पडली.

आमच्या लासलगावात भाभा अणुसंशोधन केंद्राने 2002 मध्ये 'कृषक' नावाचं केंद्र उभारलं. कोबाल्ट-60 मधून निघणारे गॅमा किरण कांद्यावर सोडले की कांद्याला कोंब फुटायचे थांबतात. बघणाऱ्याला ही जादूच वाटते. पण कुठलाही इंजिनीअर तिथे जाऊन डोस किती, वेळ किती, कांदा काढल्यावर किती दिवसांत हे करायचं, हे विचारू शकतो आणि त्याला उत्तर मिळतं. हॉगवर्ट्सची जादू या जातीची आहे. विचारलं की उत्तर मिळतं, आणि चुकलं की दाखवून देता येतं.

दुसरा पुरावा, प्रोफेसर गिल्डरॉय लॉकहार्ट. दुसऱ्या भागात हा माणूस मास्तर म्हणून येतो. देखणा, सारखा हसरा, स्वतःचे फोटो वर्गभर लावलेला. भुतं-पिशाच्चं पळवल्याच्या स्वतःच्या पराक्रमांची पुस्तकं त्याने लिहिलीत, आणि तीच सगळी मुलांना टेक्स्टबुक म्हणून विकत घ्यायला लावतो (ओळखीचं वाटतंय ना?). पहिल्याच तासाला परीक्षा घेतो, तर प्रश्न काय, लॉकहार्टचा आवडता रंग कोणता! मग पिंजरा उघडून छोटी निळी पिशाच्चं सोडतो आणि ती आवरता न आल्यावर पळून जातो. हॅरीचा मोडलेला हात बरा करतो म्हणून हातातली हाडंच गायब करतो. शेवटी कळतं की एकही पराक्रम त्याचा नाही. ज्यांनी खरी कामं केली त्यांना भेटायचं, सगळं ऐकून घ्यायचं, मग त्यांची स्मृती पुसायची आणि पुस्तक आपल्या नावाने छापायचं, एवढी एकच विद्या त्याला येते. दहा वर्षांचं पोर हे वाचतं आणि त्याला बुवा कळतो. तेज चेहरा, मोठा भक्तगण, खूप फोटो आणि प्रत्यक्ष काम दाखवायची वेळ आली की पोबारा. एवढ्या सोप्या भाषेत बुवाबाजी समजावणारा धडा आमच्या एकाही इयत्तेच्या पुस्तकात नव्हता.

तिसरा पुरावा तर खास लासलगावकरांसाठी आहे. त्याच दुसऱ्या भागात शाळेत मुलांवर हल्ले होऊ लागतात. कोण करतंय कळत नाही. घाबरलेल्या मुलांमध्ये लगेच ताईत, ताबीज, तोडगे यांचा चोरटा बाजार सुरू होतो. नेव्हिल लाँगबॉटम नावाचा एक भित्रा, विसराळू, सगळ्यांच्या चेष्टेचा विषय असलेला मुलगा आहे. तो काय विकत घेतो? एक मोठा, घाण वास येणारा हिरवा कांदा! सोबत एक जांभळा स्फटिक आणि पालीसारख्या प्राण्याची कुजकी शेपटी. बाकीची मुलं त्याला सांगतात की अरे, हल्ले तुझ्यासारख्यांवर होतच नाहीयेत. पण नेव्हिलला स्वतःवर भरवसाच नाही. त्याला वाटतं आपण जादूत इतके कच्चे आहोत की आपला नंबर लागणारच. ताईत कोण घेतो आणि का घेतो, याचं एवढं अचूक वर्णन! भीती, आणि आपण कमी आहोत ही भावना. विकणाऱ्याला दुसरं काही लागत नाही. आणि हाच नेव्हिल सातव्या भागात तलवार काढून खलनायकाच्या नागिणीचं मुंडकं उडवतो. तेव्हा त्याच्या खिशात कांदा नसतो.

हा कांदा मला एका वेगळ्याच कारणाने लक्षात राहिलाय. माझा मामेभाऊ त्या कुलूपवाल्या शाळेत सहावीत आहे. सेट बंद झाला तेव्हा त्याचा दुसरा भाग अर्धा वाचून झाला होता, मग उरलेला मी त्याला माझ्या प्रतीतून दिला. घटक चाचणीत मार्क कमी पडले म्हणून त्याच महिन्यात घरच्यांनी त्याच्या दंडाला एक ताईत बांधून आणला. अभ्यासात लक्ष लागावं म्हणून. किंमत अकराशे रुपये. मामा-मामी साधी माणसं आहेत, पोराच्या काळजीने गेली होती, मी त्यांना नावं ठेवत नाही. पण रविवारी मी गेले तेव्हा मामेभावाने मला बाजूला घेतलं, बाही वर केली आणि हळूच विचारलं, "ताई, हा नेव्हिलचा कांदाच आहे ना गं?"

मी काय उत्तर दिलं ते सोडा. प्रश्न त्याला पडला, हे महत्त्वाचं. जे पुस्तक जादूटोणा शिकवतं म्हणून बंद केलं, त्याच पुस्तकाने त्याला हा प्रश्न दिला. आणि ज्या ताइताला कुणी हरकत घेतली नाही, तो त्याच्या दंडावर होता.

सहाव्या भागात तर रोलिंगबाईंनी यासाठी चक्क सरकारी खातं उघडलंय. खलनायक परत आल्यावर बाजारात फूटपाथवर संरक्षक ताइतांचे स्टॉल लागतात. बनावट मंत्र आणि बनावट ताईत शोधून जप्त करायचं खातं निघतं आणि त्याचे प्रमुख रॉनचे वडील. आपल्याकडच्या कायद्यात दक्षता अधिकारी नेमायची तरतूद आहे, त्यांचेच हे भाऊबंद. शिवाय त्याच भागात रॉनच्या मॅचचा किस्सा आहे. रॉन गोलकीपर, पण आत्मविश्वास शून्य. मॅचच्या सकाळी हॅरी त्याच्या ज्यूसमध्ये 'नशीब उघडणारं' औषध टाकल्याचं नाटक करतो. रॉन सगळे गोल अडवतो. नंतर हॅरी बाटली दाखवतो, सील तसंच असतं. मेडिकलवाले याला प्लासिबो म्हणतात. ताइताने मार्क वाढल्याचे जे अनुभव लोक छातीठोकपणे सांगतात, त्याचं स्पष्टीकरण दोन पानांत आहे.

आता एक अडचणीचा मुद्दा, तो मी टाळणार नाही. या गोष्टीत भविष्यवाणी आहे आणि ती खरी ठरते. एरवी भविष्य शिकवणाऱ्या ट्रेलॉनीबाईंची लेखिकेने भरपूर टिंगल केली आहे. त्या दर वर्षी एका विद्यार्थ्याच्या मरणाचं भाकीत करतात आणि कुणी मरत नाही. हर्मायनी तर वर्ग सोडून निघून जाते. पण त्याच बाईंनी एकदा खरं भविष्य सांगितलेलं असतं आणि सगळी कथा त्यावर उभी आहे. मग हे ज्योतिषाचं समर्थन झालं का? मला वाटतं नाही. भविष्य एवढंच होतं की जुलै संपता संपता जन्मणारा एक मुलगा व्होल्डेमॉर्टला हरवू शकेल. असे दोन मुलगे होते, हॅरी आणि आपला नेव्हिल. व्होल्डेमॉर्टने हॅरीला निवडलं, त्याच्या आईबापांना मारलं आणि स्वतःच स्वतःचा शत्रू तयार केला. डंबलडोर हॅरीला हेच समजावतात की त्या शब्दांना जोर आला तो त्याने ते खरे मानले म्हणून. आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. आकाशवाणी ऐकून कंसाने देवकीला तुरुंगात टाकलं, पुढचं आपल्याला पाठ आहे. आणि हॅरी कोणत्या हाऊसमध्ये जाणार हेसुद्धा टोपी एकटी ठरवत नाही, तो मनात 'स्लिदरिन नको' म्हणत राहतो आणि टोपी ऐकते. जन्माच्या वेळेपेक्षा माणसाने काय निवडलं ते मोठं, ही गोष्ट सातही भागांत घट्ट आहे.

इथेच रक्ताचा मुद्दा येतो. जादूगारांमध्ये काही घराणी स्वतःला 'शुद्ध रक्ताची' म्हणवतात आणि साध्या माणसांच्या पोटी जन्मलेल्या हर्मायनीसारख्या मुलांना घाणेरड्या शिवीने हाक मारतात. हर्मायनीचे आईवडील दातांचे डॉक्टर, आणि वर्गात पहिली येते तीच. सातव्या भागात सरकार अशा सगळ्यांना आयोगापुढे उभं करून विचारतं की ही जादू तुम्ही कुणाकडून चोरली? म्हणजे तुमच्यासारख्यांकडे गुणवत्ता असूच शकत नाही, ती कुणाची तरी हिसकावलेलीच असणार. हा प्रसंग मी फर्स्ट इयरला हॉस्टेलवर परत वाचला. रूमवर पहिल्या आठवड्यात 'तू कुठल्या कोट्यातून?' हा प्रश्न ज्यांना विचारला गेलाय आणि नंतर त्यांच्या पॉइंटरकडे ज्या नजरेने बघितलं गेलंय, त्यांना तो आयोग इंग्लंडमधला वाटणार नाही. आणि गंमत म्हणजे शुद्ध रक्ताचा सगळ्यात मोठा ठेकेदार व्होल्डेमॉर्ट, त्याचा स्वतःचा बाप साधा माणूस होता.

काहींचा आरोप वेगळा असतो. ते म्हणतात, आपल्याकडे चांदोबा असताना, विक्रम-वेताळ असताना, फास्टर फेणे असताना हे इंग्रजी खूळ कशाला? मला चांदोबा आवडतो. मराठी चांदोबा 1952 मध्ये सुरू झाला आणि आमच्या घरात त्याचे जुने बांधीव अंक आहेत. पण जरा आठवून बघा, वेताळाची गोष्ट सुरू कशी होते? अमावस्येसारखी रात्र, स्मशान, झाडावर लटकणारं प्रेत आणि ते खांद्यावर टाकून चालणारा राजा. ते वाचून कुणी मांत्रिक झालं नाही, मग छडी फिरवणाऱ्या चष्मेवाल्या पोराने काय घोडं मारलंय? आणि बाहेरून आलेल्या अद्भुत गोष्टींचं म्हणाल, तर कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी एकोणिसाव्या शतकातच अरबी भाषेतल्या सुरस आणि चमत्कारिक गोष्टी मराठीत आणल्या, पुढे विष्णुशास्त्र्यांनी त्या पूर्ण केल्या. ज्या फास्टर फेणेचं नाव घेतलं जातं त्याचे लेखक भा. रा. भागवत यांनीच ज्यूल व्हर्न मराठीत आणला. टीकाही जुनीच. 1872 मध्ये काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी नावल आणि नाटक यांच्याविषयी निबंध लिहिला, त्यात तेव्हाच्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांना चांगलंच झोडपलंय. दीडशे वर्षं झाली, मुलं अजून अद्भुतच मागतायत.

हॅरीसुद्धा मराठी बोलतो बरं का! भोपाळच्या मंजुल प्रकाशनाने ही मालिका मराठीत काढली. पहिल्या भागाचं नाव 'हॅरी पॉटर आणि परीस'. इंग्रजी मीडियमच्या माझ्यासारखीला हे नाव वाचून धक्काच बसला, कारण ते मूळ नावापेक्षा सुटसुटीत आहे. अमेरिकेत प्रकाशकांना वाटलं की 'फिलॉसॉफर' शब्द बघून मुलं पळतील, म्हणून त्यांनी तिथे 'सॉर्सरर' घातला. मराठीला असली काही कसरत करावी लागली नाही. लोखंडाचं सोनं करणारा परीस आपल्या संतांच्या अभंगांपासून घराघरात आहेच. आजीला मी हे पुस्तक थोडं थोडं वाचून दाखवलं. तिला परीस लगेच कळला, क्विडिच मात्र शेवटपर्यंत कळलं नाही.

साहित्य म्हणून ही पुस्तकं थोर आहेत का? हेरल्ड ब्लूम नावाच्या मोठ्या अमेरिकन समीक्षकाने 2000 साली पेपरात लिहून पहिल्या भागाची भाषा घिसीपिटी ठरवली. 2003 मध्ये ए. एस. बायट या इंग्रज लेखिकेने मोठी माणसं हे का वाचतात म्हणून नाक मुरडलं. त्यांच्या वाचनापुढे माझं वाचन म्हणजे काहीच नाही, आणि पाचवा भाग दोनशे पानांनी कमी चालला असता हे मलाही मान्य आहे. पण पाचव्याच भागात अंब्रिजबाई आहेत! मंत्रालयाने पाठवलेल्या मॅडम. काळ्या जादूपासून बचाव हा विषय त्या कसा शिकवतात? छड्या बॅगेत ठेवा, पुस्तक उघडा, पहिला चॅप्टर मनात वाचा. प्रॅक्टिकल नाही. थिअरी पक्की असली की परीक्षेत जमेल. शेवटी मुलंच लपूनछपून जमतात आणि एकमेकांना प्रॅक्टिकल शिकवतात. ज्याने जर्नल आधीच्या बॅचचं बघून पूर्ण केलंय आणि ओरलच्या आदल्या रात्री मित्राकडून मशीन समजून घेतलंय, त्याला हे वाङ्मय आहे की नाही याच्याशी काय करायचंय?

माझ्या स्वतःच्याही तक्रारी आहेत. घरकाम करणाऱ्या एल्फ लोकांच्या गुलामगिरीचा प्रश्न लेखिकेने काढला आणि मग हर्मायनीच्या चळवळीची थट्टा करून अर्धवट सोडला. पार्वती आणि पद्मा पाटील या जुळ्या बहिणी. पाटील, म्हणजे आडनाव बघून आम्ही किती खूश झालो होतो! पण चौथ्या भागातल्या नाचाच्या कार्यक्रमात हॅरी आणि रॉन त्यांना नेतात आणि रात्रभर तोंड पाडून बसतात. मराठी पोरींना एवढंच? 2020 पासून ट्रान्स व्यक्तींबद्दलच्या रोलिंगबाईंच्या मतांवरूनही खूप वाद झालाय आणि हॅरीचं काम करणाऱ्या डॅनियल रॅडक्लिफनेच त्यांच्या विरोधी भूमिका जाहीर केली. मला बाईंची ती मतं पटत नाहीत. पण या तक्रारी पुस्तक वाचल्यावरच करता येतात, कपाटाच्या काचेतून नाही.

शेवटी, ज्यांच्या घरी लहान भावंडं आहेत त्यांच्यासाठी थोडं कामाचं. पहिले तीन भाग नऊ-दहा वर्षांपासून बिनधास्त द्या. चौथ्याच्या शेवटी एका विद्यार्थ्याचा खून होतो, तो बारा-तेरा वर्षांच्या आधी नको, आणि दिला तर सोबत बसून बोला. सहावा आणि सातवा त्यानंतर. सिनेमा आधी दाखवू नका, कारण नेव्हिलचा कांदा सिनेमात नाही. माझा सेट सध्या मामेभावाच्या वर्गात फिरतोय, तिसरा भाग परत यायचा आहे. आणि तुमच्यापैकी कुणी नव्याने सुरू करणार असाल तर पाचवा भाग सबमिशनच्या आठवड्यात हातात घेऊ नका, इंग्रजी प्रत 766 पानांची आहे.